शब्द शेजारी, अर्थ दूर

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार आपल्यापैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला असेल. 1773 साली पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना ‘धरावे’ असा मूळ हुकूम होता, आनंदीबाईंनी तो ‘मारावे’ असा केला, असे लोक सांगत आले. ही गोष्ट खरी की रचलेली, हा वाद इतिहासकारांवर सोपवू. एका अक्षराने माणसाचे काय होते, एवढे तिच्यातून शिकावे.

आपली मुले शाळेत इंग्रजी शिकतात आणि परीक्षेत चांगले गुण मिळवितात. पण शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन इंग्रजी शब्दांत किती अंतर असते, हे परीक्षेत कळत नाही. पोटाचा प्रश्न आला म्हणजे कळते. यासाठी आम्ही ओमानमधील बौशरचे उदाहरण घेतो.

बौशर ही मस्कत प्रांतातील एक विलायत. एका अंगाला डोंगर, खजुराच्या बागा आणि पाटाने येणारे फलजचे पाणी. दुसऱ्या अंगाला खुवैर, घुब्रा, घला अशा गजबजलेल्या वस्त्या. सुलतान काबूस यांच्या नावाची, 2001 साली खुली झालेली भव्य मशीद येथेच आहे आणि तिचा दगड भारतातून नेलेला आहे. दगडाप्रमाणे माणसेही गेली. ज्या कोकणातून आपले पणजे-खापरपणजे जहाजात बसले, त्याच कोकणातली मुले आज आखाती देशांत ड्रायव्हर, सुतार, कारकून, परिचारिका म्हणून राबतात. त्यांचा करारनामा अरबीत असतो, जोडीला इंग्रजी असते. मराठी त्यात नसते.

पहिली जोडी घेऊ: ‘बेसिक’ आणि ‘ग्रॉस’. दोन्हींना आपण पगारच म्हणतो. समजा, एकाला महिना 200 रियाल कबूल झाले. त्यात बेसिक, म्हणजे मूळ वेतन, 120 आणि बाकीचे घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते. हातात दोनशे पडतात म्हणून तो खूश असतो. पण ओमानच्या 2023 च्या कामगार कायद्यात नोकरी संपताना मिळणारी रक्कम दर वर्षामागे एक महिन्याचे मूळ वेतन अशी धरली आहे. पाच वर्षे राबलेल्या या माणसाने मनात हजार रियाल धरले, तर त्याच्या पदरात सहाशे पडतील. जादा तासांचा मोबदलाही मूळ वेतनावरूनच मोजतात. मालकाने फसविले असे मग तो म्हणतो. कागदावर तर सगळे पहिल्या दिवसापासून लिहिलेलेच होते.

या रकमेचे नाव ‘ग्रॅच्युइटी’. आपल्या हॉटेलांत काम करणाऱ्यांना हा शब्द ठाऊक आहे, कारण पाहुणा खुशीने टेबलावर ठेवतो त्या पैशालाही इंग्रजीत ग्रॅच्युइटीच म्हणतात. फ्रेंच येणाऱ्याच्या कानाला तर त्यात ‘फुकट’ असा अर्थ ऐकू येतो. पण बौशरमधल्या कामगाराची ग्रॅच्युइटी फुकटची नव्हे आणि मालकाच्या खुशीचीही नव्हे. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. खुशीने मिळते ते बक्षीस. हा भेद ज्याला ठाऊक नाही, तो आपल्याच पैशांसाठी हात जोडून उभा राहतो.

दुसरी जोडी ‘ॲब्सेंट’ आणि ‘ॲब्स्कॉंडिंग’. पहिला गैरहजर, दुसरा परागंदा. आजारी पडून चार दिवस घरी राहिलेला माणूस गैरहजर असतो. पण मालकाने सरकारदरबारी दुसरा शब्द लिहिला, तर त्या माणसाचे त्या देशातले राहणेच धोक्यात येते. आपल्याला हे नवे नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्या उसाच्या मळ्यांवर एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्याला ‘डबल कट’ म्हणत. करार पुरा केलेला मजूर ‘ओल्ड इमिग्रंट’ ठरे. 1867 च्या कायद्याने त्याला स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगावे लागे. ते दाखविता आले नाही, तर तो ‘व्हेग्रंट’, म्हणजे भटक्या, आणि भटक्याला तुरुंग. माणूस तोच, नाव बदलले की नशीब बदलले.

‘एमिग्रंट’ आणि ‘इमिग्रंट’ हीही अशीच जोडी. मुंबईच्या बंदरातून निघालेला एमिग्रंट, तोच पोर्ट लुईला उतरला की इमिग्रंट. मराठीत उत्प्रवासी आणि आप्रवासी. ‘आ’ने आत येणे, ‘उत्’ने बाहेर जाणे. आपल्या आप्रवासी घाटाच्या नावातच हा धडा लिहिलेला आहे, तो मुलांना जरूर समजावावा.

सर्वांत मोठे अंतर ‘रेसिडेंट’ आणि ‘सिटिझन’ यांत आहे. बौशरमध्ये वीस वर्षे राहिलेला मराठी माणूस रेसिडेंटच असतो. त्याचे मूल तेथे जन्मले, अरबी बोलू लागले, तरी जन्माने ओमानी होत नाही. नोकरी सुटली की राहण्याचा परवाना जातो आणि सामान बांधावे लागते. आपण 1968 साली नागरिक झालो आणि आपल्याला कोणी जा म्हणत नाही, याचे मोल बौशरकडे पाहून कळते.

येथे आम्ही आपल्याही घराकडे बोट दाखवितो. 2025 च्या मार्चमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी आपल्या बेटावर येऊन सातव्या पिढीपर्यंत ओ.सी.आय. कार्ड देण्याचे जाहीर केले. आनंदाची गोष्ट आहे. परंतु ‘ओव्हरसीज सिटिझन’ या नावात सिटिझन असला तरी ते नागरिकत्व नव्हे. त्या कार्डावर भारतात मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पणजोबांच्या गावी जाऊन राहण्यासाठी कार्ड उत्तम आहे; मात्र काय मिळते आणि काय नाही, हे अर्ज भरण्यापूर्वी समजून घ्यावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मराठीच्या वर्गात मुलांना गाणी आणि आरत्या शिकवितो, तसे महिन्यातून एकदा नोकरीच्या कागदावरचे शब्द मराठीत उलगडून सांगावेत. परदेशी निघालेल्या मुलामुलींनी सही करण्यापूर्वी मूळ वेतन किती, निघताना काय मिळेल आणि राहण्याचा परवाना कोणाच्या हातात, एवढे तीन प्रश्न विचारावेत.

आणि एक चौथा प्रश्न आपणा सर्वांसाठी आहे. आज बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि भारत येथून कामगार आपल्या बेटावर कारखान्यांत आणि बांधकामांवर येतात. त्यांच्या हातातला करार त्यांना त्यांच्या भाषेत कोणी समजावून सांगितला आहे काय? आपल्या पूर्वजांना कोणी सांगितला नव्हता. ज्यांच्या कारखान्यांत, दुकानांत असे कामगार आहेत, त्या आपल्या बंधुभगिनींनी हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.