परग्रहावरचा जावई

वाचकहो, सोयरीक जुळवायची म्हटली की आपली नजर महाड, पोलादपूर, माणगाव आणि फार झाले तर खाडीपलीकडच्या मंडणगडापर्यंत जाते. या खेपेस आम्ही त्याहून बऱ्याच लांबच्या स्थळाबद्दल बोलणार आहोत. मुलगा परग्रहावरचा आहे.

हसू आले ना? येऊ द्या. ज्या पुस्तकांचा विषय आम्ही काढला आहे, ती हसण्यासाठीच लिहिलेली असतात. अमेरिकेत अशा कादंबऱ्यांचे एक वेगळे फडताळच असते. नायिका पृथ्वीवरची, नायक दुसऱ्या ग्रहावरचा, आणि पानोपानी गंमत. २०१० साली तिकडे 'टच्ड बाय अॅन एलियन' नावाची कादंबरी निघाली आणि पुढे तिचे भागांवर भाग आले. तिची नायिका कंपनीत मार्केटिंगचे काम करणारी मुलगी. एके दिवशी तिच्यासमोर राक्षस उभा राहतो आणि ती हातातल्या पेनाने त्याला लोळवते. लगेच भारी सूट घातलेले देखणे तरुण तिथे हजर होतात. ते निघतात अल्फा सेंटॉरीचे, म्हणजे आपल्याकडे ज्या ताऱ्याला 'मित्र' म्हणतात तिकडचे. त्यातला एक तर पहिल्या भेटीतच लग्नाची भाषा करू लागतो. त्याला हृदये दोन. दारू मात्र या मंडळींना विषासारखी, प्याले की जिवावर बेतते. एवढे एकच कलम वाचून आमच्या कितीतरी भगिनी स्थळ पसंत करतील याची आम्हाला खात्री आहे!

२०१५ साली रूबी डिक्सन या लेखिकेची 'आइस प्लॅनेट बार्बेरियन्स' आली. त्यातले नायक निळ्या कातडीचे, डोक्यावर शिंगे, मागे शेपटी. हे पुस्तक आधी लेखिकेने स्वतःच छापून विकले. वाचणाऱ्या बायकांनी एकमेकींना सांगून सांगून ते गाजवले, तेव्हा कुठे मोठे प्रकाशक धावत आले.

या पुस्तकांत हसू येते कशाचे? शिंगांचे आणि शेपटीचे हसू चार पानांत संपते. खरी गंमत असते ती नवख्या पाहुण्याच्या प्रश्नांची. त्याला आपले रीतिरिवाज ठाऊक नसतात. तो लहान मुलासारखा विचारतो, हे असे का आणि ते तसे का? उत्तर देता देता आपली तारांबळ उडते, कारण आपणही ते कधी स्वतःला विचारलेले नसते. म्हणजे हसू पाहुण्याचे नसते, यजमानाचे असते.

आपल्या मराठीत परग्रहवासी नाहीत असे नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या लेखकांनी विज्ञानकथा घरोघरी पोचवली. नारळीकरांच्या पहिल्या कथेची हकिगत मोठी मजेची आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. आपल्या नावाकडे बघून कोणी बक्षीस देऊ नये म्हणून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' असे टोपणनाव घेतले. हस्ताक्षर ओळखू येईल म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. 'कृष्णविवर' या त्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. २० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात वारले, पण ही हकिगत लक्षात ठेवण्याजोगी आहे. नाव, आडनाव झाकून माल पारखला तर निवाडा खरा होतो. स्थळ बघताना आपण नेमके उलटे करतो. आधी आडनाव विचारतो, आणि माल पारखायचा राहूनच जातो.

मराठी कथांत परग्रहावरचा पाहुणा आमच्या वाचनात तरी काही शास्त्रीय कामासाठी येतो आणि काम आटोपून जातो. कांदेपोहे खायला बसल्याचे आम्हाला आठवत नाही. हिंदी सिनेमाने मात्र ही हिंमत थोडीफार केली. २०१४ सालच्या 'पीके'मध्ये परग्रहावरचा भोळा इसम जग्गू नावाच्या मुलीवर जीव लावतो. नवजात बाळाच्या अंगावर धर्माचा ठप्पा कुठे मारला आहे हे तो दवाखान्यात जाऊन शोधतो आणि त्याला तो कुठेच सापडत नाही. थिएटरातली माणसे पोट धरून हसली. पण त्या सिनेमातली एक गोष्ट पाहा. मुलीच्या बापाचा राग परग्रहावरच्या पाहुण्यावर नसतोच. राग असतो तो हाडामांसाच्या, आपल्यासारखेच जेवणाऱ्या, फक्त पाकिस्तानात जन्मलेल्या मुसलमान मुलावर. पीके बिचारा मनातले मनातच ठेवतो आणि जग्गूच्या आवाजाच्या कॅसेटी भरून आपल्या ग्रहावर निघून जातो.

आता कोणी म्हणेल, हे सगळे कल्पनेचे खेळ. तर मग एक खरी गोष्ट ऐका. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने आकाशात सोडली. ती आता सूर्यमालेच्या ग्रहांना केव्हाच मागे टाकून गेली आहेत. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. पुढेमागे परग्रहावरच्या कोणाला सापडली तर त्यांना पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून ती ठेवली. तिच्यात जगातल्या ५५ भाषांतून नमस्कार आहेत, आणि त्यांत एक आपल्या मराठीतला आहे. म्हणजे परग्रहावरच्या पाहुण्याला मराठीतून निरोप जाऊन पन्नास वर्षे होत आली!

त्याच तबकडीवर भारतातले एकच गाणे आहे, केसरबाई केरकरांचे. गोव्यातल्या केरी गावी कलावंत घराण्यात जन्मलेल्या या बाईंचा आवाज ताऱ्यांकडे निघाला आणि व्हॉयेजर १ सुटल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, त्या वारल्या. गाण्याचे नाव आहे 'जात कहाँ हो'. हिंदीत त्याचा अर्थ कुठे निघालास असा. पण आपल्या मराठी कानाला पहिला शब्द काय ऐकू येतो, ते आम्ही वेगळे सांगायला नको. परग्रहावरच्या एखाद्याने ते मराठीत लावून घेतले तर म्हणेल, या लोकांनी ओळखपाळख व्हायच्या आत जात विचारली!

त्या तबकडीत प्रेमकथाही आहे. ती तयार करणाऱ्या मंडळींत शास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि अॅन ड्रूयन ही बाई होती. काम करता करता दोघांचे जमले आणि टेलिफोनवरच लग्नाचे ठरले. नंतर थोड्याच दिवसांत अॅनबाईंच्या मेंदूतले विजेचे तरंग यंत्राने टिपून तबकडीवर घेतले. त्या वेळी त्यांच्या मनात आपण प्रेमात पडलो आहोत हा विचारही होता. तो विचार आज यानावर बसून प्रवास करतो आहे. दोघांचे लग्न १९८१ साली झाले.

हा प्रवास किती मोठा, याचा अंदाज घ्या. मित्र तारा आपल्यापासून सुमारे ४१ लाख कोटी किलोमीटरवर आहे. तिथून निघालेला उजेड आपल्याकडे यायला सव्वाचार वर्षांहून जास्त लागतात. व्हॉयेजरच्या वेगाने जायचे म्हटले तर सत्तर हजारांहून अधिक वर्षे. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला क्षितिजाजवळ पाहा. डोंगर आडवा आला नाही तर हा तारा आपल्या गावातूनही दिसतो.

समजा, तिथला एक होतकरू तरुण एवढे अंतर कापून महाडच्या एस. टी. स्टँडवर उतरला. चवदार तळे जवळच. तिथे त्याला कोणीतरी हकिगत सांगितली. महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला. प्रत्यक्ष ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन यावे लागले. नंतर तळ्याची 'शुद्धी' झाली, कोर्टकचेरी झाली, आणि हायकोर्टाचा निकाल लागला मार्च १९३७मध्ये. पाहुणा हिशेबाला पक्का. तो म्हणाला, तेरा वर्षांत आमच्या ताऱ्यावरचा उजेड जवळजवळ तीन खेपा तुमच्याकडे येतो. तुमचा ठराव मात्र नगरपालिकेच्या कचेरीतून तळ्यापर्यंत जात होता!

तिथून पाहुणा पोलादपुरात मुलगी बघायला गेला. घरचे, भावकीतले, मुंबईहून आलेले मामा, सगळे जमले. रंग निळा म्हटल्यावर आपल्या लोकांचा अर्धा विरोध तिथेच मावळला. पत्रिका आपण बघत नाही, पण एका मावशींनी हळूच नक्षत्र विचारले. पाहुणा म्हणाला, मी नक्षत्रातूनच आलो आहे. मामांनी विचारले, नोकरी एम. आय. डी. सी.त कायम की ठेकेदाराकडे? मुंबईला खोली आहे का? सगळे पार पडले. रजिस्टर लग्नाचीही माहिती काढली. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात जातीची अट नाही. दोघांपैकी एकाने जिल्ह्यात तीस दिवस राहिलेले असावे आणि नोटीस लावून तीस दिवस थांबावे. मुलगी पोलादपूरचीच, तेव्हा तीही अडचण मिटली. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या आजोबांनी खाकरून विचारले, "पाव्हणे, तुम्ही मूळचे कुठले?" पाहुण्याने बोट वर केले आणि म्हणाला, "वरचा."

"वरचा म्हंजे घाटावरचा! मग नको."

बैठक मोडली.

मंडळी, पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर सुमारे चाळीस किलोमीटर. बाहेरचे लोक आपल्याशी कसे वागतात ते आपण शंभर वेळा बोलतो आणि बोललेच पाहिजे. खर्डा गावी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, २०१४ साली आपल्या सतरा वर्षांच्या पोराचा खून झाला. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलल्याचा राग, एवढेच कारण पुढे आले. तिथे हसण्यासारखे काही नाही. पण तो अन्याय सांगताना ज्या तोंडाने आपण जात बोलतो, त्याच तोंडाने घरच्या बैठकीत घाटावरचे की कोकणातले असे विचारतो. मातंगाचे, चर्मकाराचे स्थळ आले तर आवाज खाली जातो. मुलगी सावळी असली तर हुंड्याचा आकडा वर जातो. बाबासाहेबांनी १९३६ सालीच जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणात लिहून ठेवले की जात मोडण्याचा खरा उपाय म्हणजे आंतरजातीय विवाह. लाहोरच्या ज्या मंडळासाठी ते भाषण लिहिले, त्या मंडळाला ते सोसले नाही आणि सभाच रद्द झाली. आपण तर ते पुस्तक घरात ठेवणारे लोक. आपल्या बैठका कशासाठी मोडतात?

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. घरातली पोरगी मोबाइलवर किंवा वाचनालयातून आणलेली असली कादंबरी वाचून खुदकन हसली, तर ओरडू नका. आठ तास कंपनीत पॅकिंग करून आलेल्या मुलीने अर्धा तास शिंगवाल्या नवऱ्याला हसावे, यात संसार बुडत नाही. उलट वाचून झाल्यावर मागून घ्या आणि तुम्हीही वाचा. कथेतल्या मुली जोडीदाराच्या जन्मगावापेक्षा त्याचे वागणे बघतात, एवढे तरी दिसेल.

आणि एखाद्या संध्याकाळी ती म्हणाली, आई, मला एक मुलगा आवडतो, तर पहिला प्रश्न कोणता विचारायचा हे आजच नवरा-बायकोने बसून ठरवून ठेवा. ऐन वेळी तोंडातून जुनेच निघते. विचारा, पितो का? हात उगारतो का? तुझा पगार तुझ्या हातात राहील का? लग्नानंतर तुला शिकू देईल का? हुंडा मागणार आहे का? या पाच प्रश्नांना मुलगा उतरला तर त्याला घरी बोलवा, चहा द्या आणि बोला. नाही उतरला तर तो शेजारच्या आळीतला आणि आपल्याच भावकीतला असला तरी नको म्हणा. मुलाच्या आईबापांनीही सून बघताना हेच करावे. रंग आणि तालुका सोडून तिला काय शिकायचे आहे ते विचारावे.

असो. आंबेनळी घाटात पावसाळ्यात दरड कोसळते, रस्ता बंद होतो. ती काढायला सरकारचे जेसीबी येतात. बैठकीतली दरड आपली आपल्यालाच काढावी लागेल. आमच्या माहितीत या दिवाळीनंतर दोन बैठका ठरल्या आहेत, एक महाडची आणि एक पोलादपूरची. दोन्हीकडे पाव्हणे घाटावरचे आहेत. वडीलधाऱ्यांनी चहा गरम ठेवावा.