औषधाला हवी घराची साथ

बोरिवली असो वा मुलुंड, मध्यमवर्गीय घरात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर उघड्यावर असतात. आजोबांनी गोळी घेतली की नाही, हे नातवंडेही विचारतात. त्याच घरातील नैराश्यावरची गोळी मात्र कपाटात कपड्यांखाली दडवलेली असते. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून ती दोन स्थानके पलीकडच्या दुकानातून आणली जाते. जे औषध लपवावे लागते, ते नियमित घेतले जाणे कठीणच.

‘निम्हान्स’ने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील दर २० प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार होतो. त्यातील सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जे थोडे डॉक्टरांपर्यंत जातात, त्यांच्यापैकीही अनेकजण औषध अर्ध्यावर सोडतात. हे का घडते?

याचे एक कारण औषधाच्या स्वभावातच आहे. या गोळ्यांचा गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, तोंडाला कोरड, झोपेतील बदल हे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवतात. सकाळच्या गर्दीत अंधेरीची गाडी पकडणाऱ्याला मळमळ सोसत प्रवास करावा लागतो आणि मनाला आराम तर अजून पडलेला नसतो. साहजिकच गोळी सुटते. दुसरा धोका बरे वाटू लागल्यावर येतो. “आता ठीक आहेस ना? मग कशाला उगाच सवय लावून घेतोस?” असे घरचेच म्हणतात. वास्तविक बरे वाटल्यानंतरही निदान सहा महिने, अनेकदा त्याहून अधिक काळ औषध चालू ठेवावे लागते. ते मध्येच थांबवल्यास आजार उलटण्याची शक्यता वाढते आणि एकाएकी सोडल्यास चक्कर, बेचैनी असे त्रास होतात. या त्रासांनाच घरात ‘व्यसन’ समजले जाते. मात्र या गोळ्यांची नशा चढत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करून त्या थांबवता येतात.

‘मन खंबीर कर, ध्यानधारणा कर, औषधे कशाला?’ हा उपदेशही मायेपोटीच होतो. परंतु ज्या परंपरेच्या नावाने तो केला जातो, ती असे सांगत नाही. चरकसंहितेने मनाला आवर घालणाऱ्या सत्त्वावजय चिकित्सेबरोबरच आहार-औषधांची युक्तिव्यपाश्रय चिकित्साही सांगितली आहे. वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद चरकाने मानले. उपस्थात्याच्या अंगी अनुराग हवा, तशीच उपचारज्ञताही हवी, असे तो म्हणतो. आपल्या कुटुंबांत अनुरागाला तोटा नाही. उणीव आहे ती उपचारज्ञतेची.

ही उणीव भरून निघू शकते, हे शेजारच्या गोव्याने दाखवले आहे. तेथील ‘मानस’ प्रकल्पात मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांना आजार समजावून दिला आणि उपचारांचा पाठपुरावा केला. सरकारी आरोग्य केंद्रांत त्यामुळे बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढले. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

जे तेथे समुपदेशकाने केले, त्यातील बरेचसे घाटकोपरच्या चाळीतील वा अंधेरीच्या सोसायटीतील कुटुंबाला करता येईल. डॉक्टरांच्या भेटीला रुग्णासोबत जावे, त्रास होत असल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः रुग्ण तरुण असेल तर, त्याच्याकडे बारीक लक्ष ठेवावे. जगणे नकोसे झाल्याची भाषा आली तर तातडीने मदत घ्यावी. १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून मोफत उपलब्ध आहे.

मोहल्ल्यामोहल्ल्यांत रक्तदानाची शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनी या विषयावरही घरोघरी बोलायला हवे. उपचार अर्धवट राहिल्याने कोणाचा तरुण मुलगा, कोणाची आई कायमची दुरावू शकते. “आज गोळी घेतलीस का?” हा प्रश्न चारचौघांत, संकोच न बाळगता विचारला जाऊ लागेल, तेव्हा अशी अनेक माणसे वाचतील.