पट मोजला, परीघ केव्हा मोजणार?

शाळेचा पट किती, हा प्रश्न आपल्या शिक्षणव्यवस्थेत नित्य विचारला जातो. पटावर शिक्षकांची संख्या ठरते, पोषण आहाराचे धान्य ठरते आणि अलीकडे तर शाळा राहणार की जाणार, हेही पटावरच ठरू लागले आहे. मात्र पटावरील मूल कोणत्या वस्तीतून येते, कोणत्या वाटेने येते आणि वाटेत काय ओलांडून येते, याची विचारपूस क्वचितच होते. शाळेला जसा पट असतो, तसा परीघही असतो. आज उपग्रह, भ्रमणध्वनी आणि संगणकीय नकाशा यांच्या साहाय्याने तो मोजणे सहजसाध्य झाले आहे. प्रश्न आहे तो हे साधन कोणत्या दृष्टीने हाती धरायचे, याचा.

साधनांची वाण आता नाही. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक आहे. पहिले दोन अंक राज्याचे, पुढील दोन जिल्ह्याचे, त्यानंतर तालुका व गाव आणि अखेरचे दोन शाळेचे. २७१७ या अंकांनी आरंभ होणारा क्रमांक दिसला की शाळा परभणी जिल्ह्यातील, हे उमगते. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राच्या साहाय्याने शाळांची अक्षांश-रेखांशांसह नोंद करण्याचे कामही हाती घेण्यात आले आहे. म्हणजे शाळेचा ठिपका नकाशावर आला. मुलाची वाट मात्र अद्याप आलेली नाही.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने परिसरातील शाळा ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरवली. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी प्राथमिक शाळेसाठी एक आणि उच्च प्राथमिकसाठी तीन किलोमीटर अंतराचा दंडक घातला. दंडक योग्यच आहे. पण हे अंतर कोठून कोठपर्यंत आणि कसे मोजायचे? संगणकाला सर्वांत सोपी असते ती सरळ रेषा. मूल त्या रेषेवरून चालत नाही.

पूर्णा तालुक्यातील ताडकळसचा परिसर पाहावा. ताडकळस हे बाजार समिती असलेले, भोवतीच्या खेड्यांना जोडणारे गाव. काळी, कसदार जमीन. दक्षिणेस गोदावरीचे खोरे. उन्हाळ्यात ज्या गाडवाटेने मूल वीस मिनिटांत शाळा गाठेल, तीच वाट आषाढ-श्रावणात चिखलाने पाय धरून ठेवते. ओढ्याला पाणी आले की पलीकडची शाळा नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते आणि प्रत्यक्षात पुलाचा वळसा घालावा लागतो. शिवाय गावाचा ठिपका गावठाणात मांडला जातो. शेतवस्ती, वाडी, तांडा त्या ठिपक्यापासून दूर राहतात. मराठवाड्यातील असंख्य गावांची हीच कथा आहे. एका अंकात ती मावत नाही.

सरळ रेषा किती फसवी असते, हे साताऱ्याच्या जावळी तालुक्याने दाखवून दिले. कोयना जलाशयाकाठच्या एका वस्तीतील मुली स्वतः होडी वल्हवत जलाशय पार करतात आणि पुढे जंगलातून पायपीट करत शाळा गाठतात, हे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. नकाशावरचे निळे पाणी संगणकाला अंतर वाटते. त्या मुलींना तो रोजचा धोका होता.

ही चर्चा केवळ तांत्रिक नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा विकसित करण्याचा विचार शासनाने पुढे आणला, तेव्हा वीस वा त्याहून कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळांत १ लाख ८५ हजार ४६७ विद्यार्थी शिकत असल्याची आकडेवारी समोर आली. तोरणमाळ व पानशेतचे दाखले दिले गेले. चार मुलांच्या वर्गात खेळ, स्पर्धा, सहजीवन यांना मर्यादा पडतात, हा शासनाचा युक्तिवाद अनाठायी नव्हे. परंतु शाळा दूर गेली की सर्वप्रथम कोणाचे शिक्षण थांबते? मुलीचे. गाडीची हमी मिळण्यापूर्वी शाळेला कुलूप लागले, तर आपण पैसा वाचवू आणि पिढी गमावू. उलट बाजूही ध्यानात घ्यावी. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या परिघात शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळांना पंचवीस टक्के राखीव प्रवेशांतून मोकळीक दिली होती. उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्दबातल ठरवली. परीघ मुलाला शाळेजवळ आणण्यासाठी आखायचा असतो, शाळेबाहेर ठेवण्यासाठी नव्हे, हाच यातील बोध.

आणखी एक कोडे आहे, जे कोणताही स्थिर नकाशा सोडवू शकत नाही. परभणी, बीड, जालना या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या परिसरात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. जूनमध्ये पटावर असलेले मूल डिसेंबरात शेकडो किलोमीटर दूर कोपीत असते. हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड या योजना त्यासाठीच आहेत. त्यांना ऋतूनुसार बदलणाऱ्या नकाशाची जोड हवी.

यास्तव काही गोष्टी तातडीने व्हाव्यात. अंतर रस्त्याने मोजावे आणि पावसाळ्यात पुन्हा मोजावे. गाव हे एकक न मानता वस्ती हे एकक मानावे. शाळा बंद वा स्थलांतरित करण्यापूर्वी तिच्या परिघाचा नकाशा शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार कायद्यानेच तिला दिला आहे. मात्र शाळेचे स्थान उघड असावे, मुलाच्या घराचे नव्हे. कोणती मुलगी कोणत्या वाटेने जाते, ही माहिती सार्वजनिक होणे तिच्या सुरक्षिततेशी खेळणे होय.

हे सारे शासनावर सोपवून समाजाने स्वस्थ बसणे उचित नाही. कोणत्या ओढ्याला पूल नाही, कोणत्या वाटेवर दिवेलागणीनंतर भय वाटते, हे उपग्रहाला दिसत नाही. गावाला ठाऊक असते. प्रत्येक गावातील चार सुशिक्षित तरुणांनी एखाद्या सकाळी मुलांसोबत शाळेपर्यंत चालत जावे, लागलेला वेळ व आलेले अडथळे नोंदवावेत आणि ती नोंद ग्रामसभेत मांडावी. शासकीय नकाशाला यापेक्षा सच्ची पुरवणी मिळणार नाही. पट शासनाने मोजला आहे. परीघ समाजाने पायी मोजावा, आणि त्या मापाने निर्णय घेण्यास शासनाला भाग पाडावे.