दाखविणे आणि ठरविणे

सुरतेत राहणाऱ्या वाचकांना जॅकार्डच्या मागाची ओळख करून द्यावयास नको. फ्रान्समधील लिआँ शहरी जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास हे साधन सिद्ध केले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर नक्षी ठेवावयाची, ही त्यातील मुख्य युक्ती. पत्त्यांची माळ बदलली की त्याच मागावर कोयरीऐवजी वेल उमटू लागते. माग मोडावा लागत नाही. पुढे पत्त्यांची जागा संगणकानेही घेतली, पण नक्षी वेगळी आणि माग वेगळा ही व्यवस्था टिकली.

संकेतस्थळ रचणाऱ्यापुढेही असाच प्रश्न असतो. माहिती साठविणे, नियम लावणे आणि ती पडद्यावर दाखविणे ही तीन कामे त्याला करावयाची असतात. त्यांपैकी दाखविण्याची आज्ञावली ठेवावी कोठे? घाईच्या वेळी तिन्ही एकाच पानात कालविली जातात. काम चालू होते आणि सर्वांना समाधान वाटते. अडचण पुढे येते.

समजा, एखाद्या मराठी मंडळाने आपले संकेतस्थळ मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत केले. दिवाळीतील पाडव्याचा कार्यक्रम २२ ऑक्टोबर २०२५ रोजी होता. आमच्या पंचांगाप्रमाणे तो दिवस शके १९४७, कार्तिक शुद्ध प्रतिपदा. गुजराती शेजाऱ्यांच्या दृष्टीने संवत २०८२ चा पहिला दिवस. दिवस एकच, दाखविण्याच्या रीती दोन. साठवणीत तो दिवस एकदाच असावा. अक्षरे, अंक आणि तिथी लिहिण्याची पद्धत दाखविणाऱ्या भागाने सांभाळावी. तारीख दोन पानांत दोनदा लिहिली, तर कार्यक्रम पुढे ढकलल्यावर एक पान हमखास जुने राहते आणि निम्मी मंडळी चुकीच्या दिवशी दारात उभी राहतात.

याहून गंभीर गोष्ट वधू-वर सूचीची. दूरध्वनी क्रमांक फक्त सभासदांना दिसावा, असा नियम आहे. रचना करणाऱ्याने सर्व माहिती पानासोबत पाठविली आणि परक्यासाठी क्रमांकाचा रकाना केवळ झाकून ठेवला. डोळ्यांना तो दिसत नाही. परंतु पाहणाऱ्याच्या संगणकावर तो पोहोचलेला असतो, आणि पानाची मूळ आज्ञावली उघडण्यास विशेष विद्या लागत नाही. मुलीचा क्रमांक कोणाच्या हाती जावा, हे ठरविणे पडद्याचे काम नव्हे. तो निर्णय आत, माहिती बाहेर पडण्यापूर्वीच झाला पाहिजे.

हा विचार नवा नाही. नॉर्वेचे त्रिग्वे रीनस्काउग यांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात माहितीचे प्रारूप, तिचे दर्शन आणि दोहोंतील नियंत्रण अशी विभागणी मांडली. त्यांचेच देशबंधू होकून व्हियूम ली यांनी १९९४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत असताना पानाचा मजकूर आणि त्याची सजावट वेगळी ठेवण्याची योजना सुचविली. १९९६ च्या डिसेंबरात तिला प्रमाण रूप मिळाले.

अर्थात एका पानाच्या निमंत्रणासाठी तीन दालनांचा वाडा बांधण्याचे कारण नाही. मात्र ज्या कामात पैसा, सभासदत्व अथवा कोणाची खासगी माहिती आहे, तेथे आळस परवडत नाही. आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. आज्ञावलीतील प्रत्येक ओळीबद्दल विचारावे : हेच पान उद्या दुसऱ्या भाषेत केले, तर ही ओळ बदलेल काय? बदलणार असेल, तर ती दाखविण्याची. तिला पानात राहू द्यावे. जशीच्या तशी पुन्हा लिहावी लागणार असेल, तर ती ठरविण्याची. तिची जागा आत.

मंडळाच्या कार्यकारिणीला आज्ञावली वाचता आली नाही तरी बिघडत नाही. काम स्वीकारताना दोनच प्रश्न विचारावेत : नियम बदलला तर किती ठिकाणी हात लावावा लागेल? आणि जे झाकले आहे, ते मुळात बाहेर पाठविलेच जात नाही ना? आज हौसेने काम करणारा तरुण उद्या नोकरीसाठी पुण्यास वा परदेशी जाईल. त्याच्यामागून येणाऱ्याला सबंध माग न उसवता नुसती नक्षी बदलता यावी, एवढी तरतूद त्याने करून ठेवावी.