शेवाळ दिसते, विष दिसत नाही

नोव्हेंबर २०२० मध्ये देवगडपासून जुहूपर्यंत रात्रीच्या लाटा निळसर चमकल्या. तो प्रकाश ‘नॉक्टिल्युका’ या सूक्ष्म जीवाचा होता. त्याच्यापासून माणसाच्या मज्जातंतूंना धोका नसतो. काही सूक्ष्म शैवाले मात्र खरोखर विषारी असतात आणि त्यासाठी पाण्याचा रंग बदलावाच लागतो असे नाही. केरळातील विळिंजम येथे १९९७ मध्ये शिंपले खाल्ल्याने ७ जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो आजारी पडले.

शिंपले पाणी गाळून शैवाल खातात आणि विष त्यांच्या मांसात साठते. त्यातले सॅक्सिटॉक्सिन शिजवूनही जात नाही. आधी ओठ बधिर होतात, पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. त्यावर उतारा नाही. रुग्णाला कृत्रिम श्वासावर सांभाळावे लागते.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहाच्या साहाय्याने शैवालाच्या बहराची माहिती देते. पण उपग्रहाला रंग दिसतो, विष नाही. विषाची जुनी चाचणी उंदरांवर होते, तर अचूक तपासणीला महागडी यंत्रे लागतात. निकाल येईपर्यंत माल बाजारात विकला गेलेला असतो.

ही उणीव जैवसंवेदक भरून काढू शकतात. मधुमेहींचा ग्लुकोमीटर हाही जैवसंवेदकच. त्याच्या पट्टीवरचे विकर साखर ओळखते. इथे ते काम प्रतिपिंड किंवा डीएनएचा तुकडा करतो. डीएनए शैवालाची जात सांगतो, प्रतिपिंड थेट विष पकडते. अडचणीही आहेत. समुद्रात ठेवलेल्या उपकरणावर काही दिवसांतच जीवांचा थर चढतो. शिवाय सॅक्सिटॉक्सिनची अनेक रूपे आहेत आणि प्रत्येक रूप प्रतिपिंडाला सारखेच ओळखता येत नाही. म्हणून ही प्राथमिक चाळणी. अंतिम शब्द प्रयोगशाळेचाच.

खानदेशला समुद्र नाही, मग आपल्याला काय त्याचे? गोड्या पाण्यातील नील-हरित शैवालही विष तयार करू शकते. पाणी उकळल्याने त्यातले मायक्रोसिस्टिन नष्ट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम सुचवली आहे. हतनूरच्या जलाशयावर दीपनगरचे वीज केंद्र आणि भुसावळ परिसर अवलंबून आहे. उन्हाळ्यात साठा घटतो, पाणी तापते, शैवालाला पोषक स्थिती तयार होते. अशा वेळी पाणी हिरवे दिसण्याची वाट न पाहता नियमित तपासणी हवी. संवेदक बंदरावर जितका उपयोगी, तितकाच धरणाच्या काठावर.