खऱ्या रानाला खोटी हरणे कशाला?

३० मार्च २०२५. चैत्र शुद्ध प्रतिपदा. महाराष्ट्रात दारोदारी गुढ्या उभ्या राहत होत्या आणि तेलुगू बांधवांच्या घरी उगादीची पचडी तयार होत होती. त्याच दिवशी हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाला लागून असलेल्या कांचा गचीबावलीच्या रानात पोलीस बंदोबस्तात जेसीबी यंत्रांचा ताफा शिरला. नववर्षदिनी झाडे लावण्याची, निदान कडुलिंबाची पालवी तोंडात घालण्याची आपली रीत. तेलंगण सरकारने मुहूर्त साधला तो झाडे पाडण्याचा! विरोध करणाऱ्या पन्नासच्या आसपास विद्यार्थ्यांना त्याच दिवशी पोलिसांनी ताब्यात घेतले. लागून सुट्ट्या असल्याने न्यायालये बंद होती. हा योगायोग होता असे मानायला फारच भाबडे मन हवे.

हे विद्यापीठ १९७४ साली स्थापन झाले, तेव्हा त्याच्यासाठी सुमारे २,३०० एकर जमीन राखण्यात आली होती. त्यांतील ४०० एकरांचा तुकडा २००३ साली एका क्रीडा अकादमीच्या कंपनीकडे गेला. २००६ साली सरकारने तो व्यवहार रद्द केला आणि २०२४ साली उच्च न्यायालयातील लढाईही जिंकली. जमीन हाती येताच तिचा लिलाव करून तेथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारण्याचा बेत ठरला. पन्नास हजार कोटींची गुंतवणूक आणि पाच लाख रोजगार हे त्याचे समर्थन. महसुली दप्तरात ही वनभूमी नाही, हा सरकारचा आणखी एक युक्तिवाद. परंतु मालकी सिद्ध झाली म्हणजे तोडीचा परवाना मिळाला, असे होत नाही. दप्तरात नोंद असो वा नसो, शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे त्याला वनसंवर्धन कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १९९६ सालीच सांगून ठेवले आहे.

याच विद्यापीठाच्या आवारात जानेवारी २०१६ मध्ये काँग्रेसचे तत्कालीन उपाध्यक्ष राहुल गांधी विद्यार्थ्यांसमवेत उपोषणाला बसले होते. नऊ वर्षांनंतर त्यांच्याच पक्षाच्या सरकारची यंत्रे तेथील रान भुईसपाट करीत होती. विद्यार्थ्यांचा कळवळा सत्तेच्या खुर्चीपाशी येऊन कसा आटतो, याचा याहून बोलका दाखला कोणता?

या वेळी विद्यार्थ्यांच्या हाती एकच आयुध होते, ते म्हणजे खिशातला भ्रमणध्वनी. रात्रीच्या अंधारात दिवे लावून चालणाऱ्या यंत्रांची चित्रणे त्यांनी समाजमाध्यमांवर टाकली आणि दोन दिवसांत गचीबावली हे नाव देशभर पोहोचले. अभाविपचे कार्यकर्ते आणि एरवी त्यांच्याशी उभा दावा मांडणाऱ्या डाव्या संघटना, दोघांनीही आपापल्या परीने याला विरोध केला. समाजमाध्यम म्हणजे केवळ वेळेचा अपव्यय, असे मानणाऱ्या आपल्या पिढीने हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. विद्यार्थ्यांनी ही चित्रणे केली नसती, तर सुट्टी संपेपर्यंत चारशेही एकर मोकळे झाले असते.

मात्र येथेच एक घोडचूक झाली. त्याच आठवड्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रे बनविण्याची लाट आली होती. घिबली शैलीतील चित्रे तर घरोघरी पोहोचली होती. कोणी यंत्रापुढे जिवाच्या आकांताने धावणारी हरणे रचली, कोणी आक्रोश करणारे मोर. यांतील काही चित्रे खरी छायाचित्रे म्हणून फिरू लागली आणि नामवंत मंडळींनीही ती शहानिशा न करता पुढे ढकलली. अडचणीत सापडलेल्या सरकारला याहून मोठी देणगी कोणती मिळणार? मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी आढावा बैठक घेतली आणि हा सारा वाद कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रांनी उभा केल्याचा सूर लावला. गुन्हे दाखल झाले, नोटिसा निघाल्या. एक चित्र पुढे पाठवल्याबद्दल एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्यालाही पोलिसांची नोटीस गेली. चर्चा पडलेल्या झाडांची व्हायची, ती रचलेल्या हरणांची होऊ लागली.

यावर काहीजण म्हणतील, हेतू चांगला होता ना? लोक जागे झाले ना? मग बिघडले काय? बिघडले ते हे, की त्या रानात खरी हरणे होतीच! मोर होते, स्टार कासवे होती, तळी होती. मुरिसिया हैदराबादेन्सिस नावाचा कोळी तर जगाला प्रथम या विद्यापीठाच्या परिसरातूनच माहीत झाला आणि त्याच्या नावातच हैदराबाद आहे. ज्याच्या पेटीत खरे नाणे आहे, त्याने खोटे नाणे बाजारात का न्यावे? एक खोटे नाणे सापडले की दुकानदार उरलेली शंभरही परत करतो. ‘सत्यमेव जयते’ हे वचन राष्ट्रीय बोधचिन्हाखाली कोरणाऱ्या देशात हे वेगळे सांगावे लागू नये.

शिवाय यंत्रे थांबली ती कशाने? ३ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीचे सुपुत्र आणि पुढे सरन्यायाधीश झालेले न्या. भूषण गवई व न्या. ऑगस्टीन मसीह यांच्या खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्यांनी कोणाच्या भ्रमणध्वनीवरचे चित्र प्रमाण मानले नाही. तेलंगण उच्च न्यायालयाच्या निबंधकांना त्याच दिवशी प्रत्यक्ष जागेवर पाठविले. निबंधकांनी डोळ्यांनी पाहून कळविले की, सुमारे शंभर एकर जमीन उघडी झाली आहे, अवजड यंत्रे उभी आहेत आणि मोर, हरणे, पक्षी तेथे वावरत आहेत. तोड तत्काळ थांबविण्याचा आदेश झाला. १६ एप्रिलला त्या शंभर एकरांवर रान पुन्हा कसे उभे करणार, याची योजना न्यायालयाने मागितली आणि अधिकाऱ्यांना तुरुंगाची आठवण करून दिली. समाजमाध्यमाने देशाची मान त्या रानाकडे वळवली, हे त्याचे श्रेय. पण निवाडा झाला तो पायांनी चालून, डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या अहवालावर.

आणि दुसऱ्याचे माप काढताना आपलेही काढले पाहिजे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे परिसरात मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडे तोडली गेली, तेव्हा राज्यात आपल्या विचारांचे सरकार होते. मेट्रो हवीच होती, तिच्यामुळे रस्त्यावरची वाहने आणि धूर कमी होणार हेही खरे. परंतु एका विधिशाखेच्या विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. ती घाई शोभणारी होती का? सत्ताधाऱ्याचा रंग पाहून झाडाची बाजू घ्यायची किंवा सोडायची, हे निसर्गप्रेम नव्हे. काँग्रेसला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर तो स्वतःलाही विचारण्याचे धैर्य हवे.

प्रत्येक विद्यापीठावर गचीबावलीसारखा प्रसंग येईल असे नाही, येऊही नये. पण पर्यावरणरक्षणाची परीक्षा तेथे रोजच चालू असते. वसतिगृहाच्या खानावळीत रोज किती ताटे अर्धी भरलेली परत येतात? किती नळ रात्रभर ठिबकतात? स्नेहसंमेलनाच्या फ्लेक्सचे पुढे काय होते? ५ जूनला मान्यवरांच्या हस्ते ज्या खड्ड्यात रोप लावले जाते, त्याच खड्ड्यात पुढच्या वर्षी दुसरे रोप का लावावे लागते? समाजमाध्यमांचा खरा उपयोग येथे आहे. रोप लावतानाचे छायाचित्र सगळेच टाकतात, तेच रोप वर्षाने कसे आहे ते दाखवा. खानावळीतले उष्टे रोज तराजूवर तोलून आकडा सर्वांसमोर मांडा. आवारातील पक्षी, झाडे, विहिरी यांची तारीखवार नोंद ठेवा. अशा नोंदी संकटाच्या दिवशी ढालीसारख्या उपयोगी पडतात. संकट आल्यावर नोंदी करायला बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

शाखेवर किंवा महाविद्यालयात काम करणाऱ्या तरुणांना आणि त्यांच्या मातापित्यांना म्हणूनच आग्रहाने सांगावेसे वाटते. मुलांच्या हातातील भ्रमणध्वनी हिसकावून घेऊ नका, त्यावरून पुढे जाणारी गोष्ट खरी आहे की नाही हे तपासण्याचे वळण लावा. ‘पुढे पाठवा’ या एका कळीपूर्वी, हे मी स्वतः पाहिले आहे का, हा एक प्रश्न पुरे. आणि पाठवून झाले की हातात झारी घेऊन बाहेर पडावे. वृक्षात देव पाहणाऱ्या समाजाला झाडाची खोटी चित्रे रंगवण्याची गरज नाही. त्याने खऱ्या झाडाला वेळेवर पाणी घातले, तरी पुरेसे आहे.