पायांचा गुण, हाताचा दोष?

अमेरिकन फुटबॉल हा नावाने फुटबॉल असला तरी त्यातील चेंडू प्रामुख्याने हातांनी खेळला जातो, आणि त्या हातांत सर्वांत मोलाचा हात क्वार्टरबॅकचा. प्रत्येक चालीच्या प्रारंभी चेंडू त्याच्याकडे येतो. सहकारी छातीचा कोट करून त्याच्याभोवती जी जागा राखतात तिला ‘पॉकेट’ म्हणतात. तेथे उभे राहून अडीच-तीन सेकंदांत प्रतिपक्षाची मांडणी ओळखावयाची, पुढे धावणाऱ्या सहकाऱ्यांपैकी कोण मोकळा आहे हे हेरावयाचे आणि चेंडू त्याच्या हाती पोचवावयाचा, हे त्याचे काम. जो हे न करता चेंडू घेऊन स्वतःच पळत सुटतो तो फेकीच्या विद्येत कच्चाच राहणार, असे या खेळातील जाणकार कित्येक दशके सांगत आले. या मताला आधार मुळीच नव्हता असे नव्हे. पण आधार होता त्याहून कितीतरी अधिक त्याचा वापर झाला, आणि त्या वापराची किंमत मोजावी लागली ती बहुशः कृष्णवर्णीय खेळाडूंना.

आधार कोणता, ते मायकेल व्हिकच्या उदाहरणावरून दिसते. अटलांटा संघाकडून २००६ च्या हंगामात तो १,०३९ यार्ड धावला. क्वार्टरबॅकने हजाराचा आकडा ओलांडल्याची ती पहिलीच वेळ. त्याच हंगामात त्याच्या शंभर फेकींपैकी जेमतेम ५३ सहकाऱ्यांच्या हाती पडल्या. टीकाकारांना याहून सबळ पुरावा तो कोणता हवा होता? परंतु मध्ये तुरुंगवास भोगून आलेला हाच व्हिक २०१० मध्ये फिलाडेल्फियाच्या अँडी रीड या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळला, तेव्हा हे प्रमाण ६२ च्या वर गेले. पाय तेच होते आणि धावणेही सुटले नव्हते. पहिला सहकारी मोकळा दिसला नाही की पळ काढावयाचा, ही सवय आहे. सवय शिकवणीने जाते.

स्टीव्ह यंगची कथा याहून बोलकी आहे. टँपा बे संघात दोन हंगाम तो सपशेल अपयशी ठरला. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्याला घेतले आणि जो मोंटानामागे चार हंगाम राखीव म्हणून बसविले. पुढे फेकीच्या गुणांकनात तो सहा वेळा अव्वल ठरला. जानेवारी १९९५ च्या सुपर बोलमध्ये त्याने सहा टचडाउन फेकीतून मिळविले, आणि त्याच सामन्यात सर्वांत अधिक यार्ड धावणारा खेळाडूही तोच होता. त्याच्याही आधी, १९७८ मध्ये निवृत्त झालेला फ्रॅन टार्केंटन मैदानभर पळापळ करणारा म्हणून प्रसिद्ध होता. निवृत्तीच्या वेळी फेकींचे यार्ड आणि टचडाउन या दोन्हींचे विक्रम त्याच्याच नावावर होते.

टार्केंटन आणि यंग गोरे होते. त्यांना टीका ऐकावी लागली, पण त्यांची जागा हिरावली गेली नाही. डेन्व्हरच्या मार्लिन ब्रिस्को या कृष्णवर्णीय तरुणाने १९६८ मध्ये पदार्पणाच्याच हंगामात १४ टचडाउन फेकले. पुढच्या वर्षी त्याला बफेलो संघात चेंडू झेलणारा म्हणून खेळावे लागले. वॉरन मून तर मुळात पॉकेटमध्ये उभा राहून फेकणारा. तरीही १९७८ च्या निवडीत एकाही संघाला तो नको होता. त्याने कॅनडात जाऊन सलग पाच अजिंक्यपदे जिंकली, तेव्हा कोठे १९८४ मध्ये ह्यूस्टनचे दार उघडले. पायांचा आक्षेप किती वरवरचा होता हे मूनच्या वनवासावरून कळावे.

२०१८ मध्ये लमार जॅक्सनलाही झेल घेणाऱ्याच्या जागी खेळण्याचा सल्ला मिळाला. पहिल्या फेरीतील अगदी शेवटचा, ३२ वा क्रमांक त्याच्या वाट्याला आला. दुसऱ्याच हंगामात त्याने लीगमध्ये सर्वाधिक ३६ टचडाउन फेकले, १,२०६ यार्ड धावला आणि एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२४ मध्ये तर ४१ टचडाउन, आणि प्रतिपक्षाच्या हाती गेलेल्या फेकी अवघ्या चार! त्याच निवडीतला गोरा जॉश ॲलन पहिल्या हंगामात व्हिकइतकाच बेभरवशाचा फेकणारा होता. बफेलोने त्याला धीराने वेळ दिला, आणि २०२० पर्यंत त्याच्या शंभरातील ६९ फेकी सफल होऊ लागल्या.

२०२४ च्या हंगामाअखेर बाद फेरीतील आठ सामन्यांपैकी जॅक्सनने तीनच जिंकले होते, हे खरे. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये जेलन हर्ट्सने २२ पैकी १७ फेकी सफल करून आणि शिवाय ७२ यार्ड धावून फिलाडेल्फियाला सुपर बोल जिंकून दिला, तेव्हा तो आक्षेपही लंगडा पडला.

उरतो प्रश्न देहाचा. उघड्यावर धावणाऱ्यावर आघात अधिक होतात. रॉबर्ट ग्रिफिन २०१२ मध्ये वॉशिंग्टनचा उत्कृष्ट नवोदित ठरला. त्याची फेक अचूक होती, धाव तर वाऱ्यासारखी. जानेवारी २०१३ मधील सिअ‍ॅटलविरुद्धच्या सामन्यात त्याचा उजवा गुडघा निकामी झाला, आणि तो पुन्हा पूर्वीसारखा कधीच खेळू शकला नाही. मात्र तो गुडघा डिसेंबरातच दुखावला होता. त्या सामन्यात तो लंगडत असल्याचे साऱ्या प्रेक्षागाराला दिसत होते. तरीही चौथ्या सत्रापर्यंत त्याला मैदानावर ठेवण्यात आले.